पणजोबांची तिथी

लंडनहून आलेल्या चौथ्या उत्तरातही तेच होतं. सैनिकाचा क्रमांक आणि पलटण कळवल्याशिवाय शोध घेता येणार नाही. अरे, क्रमांक माहीत असता तर तुमच्या दारात कशाला आले असते? हे वाक्य मी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, फोनकडे बघत. बाहेरून बाबांनी विचारलं, "आलं का काही?"

"नाही," मी म्हटलं. दीड वर्ष मी हेच सांगत होते.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यावर माझ्याकडे दुबईला आले. त्यांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत. गोळी लागून गेले, एवढंच घरात ठाऊक. तारीख कोणालाच माहीत नाही. म्हणून पितृपक्षात त्यांचं श्राद्ध चतुर्दशीला, शस्त्रानं मेलेल्यांच्या दिवशी. बाकीचे पितर आपापल्या तिथीला जेवतात, हे एकटे चतुर्दशीला. बाबांना याचा अभिमान होता. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत ते 'फौजी घराण्यातले' म्हणून ओळखले जात. पण मनात रुखरुखही होती. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मला म्हणाले, "त्यांची खरी तिथी शोध. एकदा तरी त्यांच्या दिवशी पान वाढू दे, मग मी जायला मोकळा."

मला वाटलं, किरकोळ काम आहे. एका बांधकाम कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. हरवलेले कागद शोधण्यातच माझी बावीस वर्षं गेली. पण या कागदानं माझ्या नाकी नऊ आणले. मराठा पलटणींच्या याद्या झाल्या, मृतांच्या नोंदवह्या झाल्या, स्मारकांवरची नावं झाली. गाव जुळलं तर बापाचं नाव जुळेना, दोन्ही जुळली तर माणूस भलत्याच लढाईत. अर्ज पाठवायचा की उत्तराला दोन-दोन महिने. त्यात आमच्या इमारतीचा वॉचमन बाबांचा दोस्त झालेला. लिफ्ट कधी सुरू होणार विचारलं की तो आभाळाकडे बोट करून म्हणायचा, "कल, इन्शाल्ला." बाबांना हा शब्द फार आवडला होता. मी लॅपटॉप मिटला की तेही म्हणायचे, "उद्या सापडेल. इन्शाल्ला." माझी तळपायाची आग मस्तकात जायची. ऑफिसात इन्शाल्ला म्हणजे काम होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग एक दिवस ऑफिसात एक नवीन इंजिनिअर तक्रार घेऊन आला. "मॅडम, ते ड्रॉइंग स्ट्रक्चरलच्या फोल्डरमध्ये नाहीये. म्हणजे सबमिटच झालं नसणार."

"हबीबी, लँडस्केपमध्ये बघितलंस का?" मी त्याच्यावर खेकसले. "जिथे असायला हवं तिथे नाही, तर जिथे कोणी बघत नाही तिथे बघ."

ड्रॉइंग लँडस्केपमध्येच निघालं, आणि मी खुर्चीत तशीच बसून राहिले. दीड वर्ष मी फक्त लढणाऱ्यांच्याच याद्या चाळल्या होत्या. फौजेबरोबर स्वयंपाकी जायचे, पाणके जायचे, भंगी जायचे, खेचरं हाकणारे जायचे. त्यांच्या याद्या वेगळ्या. त्या मी उघडल्यासुद्धा नव्हत्या, कारण आमचं घराणं फौजी.

त्या संध्याकाळी नवा अर्ज केला. उत्तर आलं ते नेमकं पितृपक्षात, द्वितीयेला. एकच ओळ होती, पण सगळं जुळत होतं: नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. हुद्दा: खेचर हाकणारा. मृत्यू बसऱ्याच्या इस्पितळात. कारण: कॉलरा. पुढे तारीख. जुनं पंचांग काढून बघितलं, तर तिथी षष्ठी.

तिथी मिळाली होती आणि गोळी गेली होती. एकाच ओळीतलं अर्धं सांगायचं आणि अर्धं गिळायचं, हे मला जमेना. चतुर्दशी सोडून षष्ठी म्हटलं की बाबा कारण विचारणारच. म्हातारपणी त्यांच्या हातून तेवढा अभिमानही काढून घ्यायचा? आज सांगू, उद्या सांगू करत मी फोन घेऊन घरभर फिरत राहिले. स्वतःचाच इतका राग येत होता की चहाच्या कपावरूनही मी बाबांशी भांडले.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी करामाच्या बाजारातून केळीची पानं आणली. मेट्रोत ती मांडीवर घेऊन बसले आणि ठरवलं, आता बास. घरी आल्यावर बाबांना समोर बसवून पूर्ण ओळ वाचून दाखवली.

"खेचरं," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि कॉलरा." मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. पण त्यांनी विचारलं, "तिथी कोणती निघाली?"

"षष्ठी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "षष्ठी होऊन आठवडा झाला. पत्र कधी आलं?"

खोटं बोलता आलं असतं. "द्वितीयेला," मी म्हटलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मी तुझ्याकडे गोळी मागितली नव्हती गं. तिथी मागितली होती."

दीड वर्ष मी लंडनच्या कारकुनांना शिव्या घातल्या होत्या. त्यांनी वेळेत कळवलं होतं. उशीर माझ्या हातून झाला होता.

बाबांनी पानांची गुंडाळी उचलली, फ्रिजमध्ये ठेवली आणि भिंतीला धरून सावकाश परत येऊन बसले. "असू दे. पुढल्या वर्षी षष्ठीला वाढू," ते म्हणाले. मग वॉचमनसारखंच वर बोट करून म्हणाले, "इन्शाल्ला."

या वेळी मला राग आला नाही. भीती वाटली.