गाणं ऐकायची पाळी

माझ्या बायकोच्या मामांइतका शिस्तीचा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. गिरणीत जॉबर होते, कामगारांवरचे मुकादम. जन्मभर माणसांना पाळ्या लावून दिल्या. वृद्धाश्रमात राहायला आले तरी त्यांना स्वस्थ बसवेना. तिथल्या करमणुकीचा सगळा कारभार त्यांनी आपणहून अंगावर घेतला. भजनाला पाळी, सोंगट्यांना पाळी. एखाद्या टाळकऱ्याला खोकला झाला की त्याच्या जागी 'बदली' टाळकरी हजर. बाहत्तरचा दुष्काळ सरल्यावर मंगळवेढ्याहून कुणीतरी हुरड्याची कणसं पाठवली, तेव्हा मामांनी आधी दातवाल्यांची पंगत बसवली आणि दुसऱ्या पंगतीला तोच हुरडा खलबत्त्यात कुटून वाढला. वर सगळ्यांना बजावलं, "दात न्हाईत म्हनून कुनाचा खाडा चालनार न्हाई."

मामांना मूलबाळ नव्हतं, मामीही गेलेल्या. त्यांना भेटायला येणारा मी एकटाच, आणि मी तरी त्यांच्यासाठी कुठे जात होतो? मला गायचं होतं हो! कचेरीत साहेब राहू द्या, शिपाईसुद्धा माझं गाणं ऐकत नसे. शुक्रवार पेठेतल्या घरी मी पेटी काढली की शेजारी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायचे. वृद्धाश्रमात मात्र दर रविवारी चारच्या ठोक्याला सहा माणसं सतरंजीवर ताठ बसलेली असायची. मी तास-दीड तास गळा काढायचो, एकही जण उठत नसे. घरी येऊन मी बायकोला समाजसेवेवर व्याख्यान द्यायचो. मामा स्वतः कधी बसले नाहीत. दाराशी उभे राहून नुसते लक्ष ठेवायचे.

एका रविवारी लवकर पोचलो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरलो, तर भिंतीवर मामांच्या अक्षरातली पाटी. तांदूळ निवडणे, शेंगा फोडणे आणि त्याखाली 'जावयाचं गाणं ऐकणे'. सहा नावं, शिवाय दोन बदली! शेंगा फोडत बसलेल्या आजींनी मला मोकळ्या मनानं सांगितलं, की गाण्याची पाळी टळावी म्हणून त्यांनी चार दिवसांच्या शेंगा अंगावर घेतल्या आहेत.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरातरा मामांकडे गेलो आणि म्हणालो, माणसं बळंच बसवून माझी थट्टा कशाला मांडलीत? मामांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, "जावईबापू, ऐकायला कोन नसतं, तर तुमी आला असता का?"

त्या दिवशी पेटी न उघडताच मी घरी परतलो.

पुढच्या रविवारी पेटी घरीच ठेवून गेलो. इतके रविवार तिथे काढले होते, पण दोघांना बोलायला विषय सापडेना. पाऊसपाणी झालं, मंद्रूपच्या नातेवाइकांची चौकशी झाली. शेवटी मामाच म्हणाले, "म्हना की एकादं. आज मी बसतो."

मी सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यालाच मामांना डुलकी लागली आणि त्यांची मान माझ्या खांद्यावर आली. ती हलू नये म्हणून मी तेच कडवं हळू आवाजात चारदा म्हटलं. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही ते कडवं ओठांवर आलं, की माझ्याच्यानं जागचं हलवत नाही.