विवाहिताचा अविवाहित

कारखान्यात कॉम्प्युटर यायच्या आधी त्याचे नियम आले, आणि ते मी लिहिले होते. ऐंशीनंतरची गोष्ट. हिंगण्याच्या त्या कारखान्यात गणित शिकलेली मी एकटीच, म्हणून साहेबांनी ते काम माझ्या गळ्यात मारलं. कामगाराची कुठली माहिती नोंदवायची हे तर ठरवायचंच होतं. पण कुठली नोंद बदलून पुढे काय होऊ शकते आणि काय होऊच शकत नाही, तेही आधीच लिहून ठेवायचं होतं. म्हणजे मशीनला कुणी फसवू नये.

पहिला नियम मी झोकात लिहिला: जन्मतारीख कधीही बदलत नाही. शेजारच्या टेबलावर वीस वर्षं हजेरी सांभाळणारे टाइमकीपर बसायचे. ते वाचून म्हणाले, "बाई, रिटायरमेंट जवळ आली का आपल्या इथं सगळ्यात पहिले तेच बदलते."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसरा नियम: 'विवाहित' माणूस पुढे 'विधुर' किंवा 'घटस्फोटित' होऊ शकतो, 'अविवाहित' कधीच नाही. प्रत्येक नोंदीचा चौकोन आखला, जिकडे जाता येतं तिकडे बाण काढले. साहेब इतके खूश झाले की म्हणाले, "मशीन येईल तेव्हा येईल, आजपासून कागदावरच लावा हे नियम."

आठवड्याभरात एका फिटरचा लग्नाच्या रजेचा अर्ज आला. त्याच्या नोंदीत 'विवाहित' लिहिलेलं. मी लाल शाईनं शेरा मारला, 'अर्जदार आधीच विवाहित. अमान्य.' आणि अर्ज परत पाठवला. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला, आणि त्याच संध्याकाळी साड्या बघताना तो कागद खिशातून नेमका होणाऱ्या बायकोपुढे पडला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती अर्ज हातात घेऊन माझ्यापुढे उभी. मागे फिटर, तोंड एवढंसं झालेलं.

"मॅडम, मले एवढंच सांगा, यांची पहिली बायको कोण आहे?"

"कोणीच नाही जी!" फिटर रडायच्या बेतात होता. "क्वार्टर लग्नवाल्यालेच भेटते, म्हणून तसं लिहून देलं. घरात मी अन् माय, दोघंच राहतो."

"पण विवाहिताचा अविवाहित करता येत नाही," मी नियम दाखवला.

टाइमकीपर मदतीला धावले. "मग विधुर करून टाका ना. तिकडे तर बाण जाते."

"जे बाई नाहीच, तिले मारू कसं?" फिटर ओरडला.

"अन् मी कागदावर बी दुसरेपणाची होणार नाही," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. हुडकेश्वरला प्राथमिक शाळेत शिकवायची. माझ्या नियमांचे कागद तिनं वह्या तपासाव्यात तसे वाचले. "मॅडम, माणूस बदलला तर नोंद कशी बदलायची, हे तुम्ही लिहिलं. पण नोंदच चुकीची असली तर? आम्ही दाखल्यावर नाव चुकलं तर दुरुस्त करून सही करतो. तुमच्या कागदात चुकीले जागाच नाही."

माझे कान गरम झाले. इतके बाण काढले, आणि एवढं साधं सुचलं नव्हतं. तिच्यासमोरच मी तिसरा नियम लिहिला: बदल वेगळा, दुरुस्ती वेगळी. बदल बाणानंच जाईल. दुरुस्ती कुठूनही कुठेही होईल, पण कारण लिहून आणि दोन सह्या घेऊन. दुरुस्तीचं कारण फिटरनं स्वतःच्या हातानं लिहिलं. खोडाखोड बरीच झाली.

साहेबांनी ते वाचून टाइमकीपरना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं हे?"

"साहेब, क्वार्टरच्या अख्ख्या लायनीले माहीत आहे. विचारलं कोणी नाही."

फिटरला समज देणारं पत्र मिळालं आणि त्याच्यासोबत रजाही. पंधरा दिवसांनी लग्नच होणार, म्हणून क्वार्टर साहेबांनी राहू दिलं.

लग्नाला मी गेले. नवरदेवानं मोठ्या आनंदानं सासऱ्यांशी ओळख करून दिली, "मामाजी, मले अविवाहित केलं ते याच मॅडमनं!" सासऱ्यांना आधीचं काहीच सांगितलेलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. नवरी पदर तोंडाला लावून हसत होती. मी पंगतीत जाऊन बसले आणि पान वाढून होईपर्यंत मान वर केली नाही.