पायरीवर बसलेल्या सिस्टर

नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल, तेव्हा मी कॉलेजसाठी सांगलीत आले. विश्रामबागला एका निवृत्त नर्सच्या घरात खोली मिळाली. त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. ख्रिस्ती होत्या, एकट्याच राहायच्या. दुपारी व्हरांड्यात डोळे मिटून बसायच्या आणि त्यांचे ओठ हलत असायचे. आमच्या घरी देव म्हणजे घंटा, कापूर, आरती. देवाशी इतकं हळू बोलता येतं हे मला नवीनच होतं. त्यांच्याकडे बघता बघता मलाही गुंगी यायची.

अशाच एका दुपारी फाटकाशी एक शेतकरी येऊन उभा राहिला. फेटा काढून हातात धरलेला.

"बाई, वळखलं न्हाई न्हवं? वडूजकडचा मी. शाळंतनं पळालो त्यो. लेकीचं लगीन हाय. तुमी आल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत."

सिस्टर उठून फाटकापर्यंत गेल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे सुटलास तू?"

"व्हय. तवाच सुटलो."

लग्नाला त्यांनी मलाही सोबत नेलं. विटा मागे पडलं तसा ऊस संपला, पिवळं माळरान सुरू झालं. एसटीच्या खिडकीतून गरम वारा येत होता. पेंग आल्यासारख्या आवाजात सिस्टर सांगू लागल्या.

आणीबाणीचे दिवस होते. त्या सरकारी नोकरीत होत्या. गावातल्या शाळेत नसबंदीचं शिबिर लावलं होतं आणि बाजाराला आलेली माणसं जीपमध्ये कोंबून आणली होती. त्यात हा, अंगाची हळदही न उतरलेला. "मला अजून मूल न्हाई," एवढंच सारखं म्हणत होता. डॉक्टरांनी त्याचे हात बांधायला सांगितले.

"मी बांधणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

"वरून हुकूम आहे."

"त्यांच्याही वर कुणी आहे, डॉक्टर."

हातमोजे काढून त्या दाराच्या पायरीवर जाऊन बसल्या. दुसरी नर्स नव्हती, काम थांबलं. शेवटी पोलिसांनी त्यांना ओढत जीपमध्ये घातलं. त्या झटापटीत तो पोरगा कुठे गेला, ते त्यांना दिसलंच नाही. नोकरी गेली. चर्चचे पाळक घरी आले. राज्यकर्त्यांचं ऐकावं असं शास्त्रातच आहे, माफी मागून मोकळ्या व्हा, म्हणाले.

"मग?"

"म्हटलं, शास्त्र मीही वाचते."

"भीती नाही वाटली?"

त्या हसल्या. "वाटली की. पाय लटपटत होते, म्हणून तर बसले."

मांडवात त्यांना मानानं पुढे बसवलं. अक्षता पडल्या, नवरी पाया पडायला वाकली. सिस्टरांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि ओठ हलू लागले. बँडवाले आपोआप थांबले.

जेवणं झाल्यावर त्यांनी नवरीच्या बापाला विचारलं, "त्या दिवशीचे बाकीचे?"

त्यानं मान खाली घातली. "त्यास्नी त्या दिशी सोडलं, पर दुसऱ्या दिशी परत धरून न्हेलं, बाई."

सिस्टरांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. मांडवाच्या कडेला बसलेला एक किडकिडीत माणूस आमचं बोलणं ऐकत होता. तो उठून आला, त्यांच्याजवळ जमिनीवरच टेकला.

"मी त्यातलाच. मला पोरबाळ झालं न्हाई," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "पर त्या दिशी तुमी उठला न्हाईसा, ते मी बघितलंया. आमच्यासाठी कोण तरी बसलंवतं."

सिस्टरांनी त्याचा हात हातात घेतला. मांडवाच्या कापडातून लालसर ऊन खाली झिरपत होतं, बँड पुन्हा सुरू झाला होता, वऱ्हाड गाडीत चढत होतं. ती दोघं तशीच बसून राहिली, आणि त्यांना उठवायला मी काही गेले नाही.