शेवटच्या पानावरची ओळ

आंग मो किओ या उपनगरातल्या त्या छोट्या छापखान्याचे चिनी अंकल सत्तरीचे असतील. मराठीचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, तरी परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या पानापानावर बोट ठेवून ते विचारायचे, "बॉस, इथे काय लिहिलंय?" मी इंग्रजीत सांगितलं की मान डोलावून पान उलटायचे.

एका लेखावर नाव नव्हतं. परदेशी कामगारांना कोंबून ठेवतात त्या खोल्यांबद्दल त्यात सडेतोड लिहिलं होतं.

"लिहिणारा इथे नोकरीच्या पासवर आहे, तो रद्द होईल म्हणून घाबरतो," मी म्हणालो. अंकलना ताप नको म्हणून शेवटच्या पानावरची मुद्रकाच्या नावाची ओळही मी गुपचूप काढून टाकली होती.

ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पूर्वी युरोपात राजाला न आवडणारं काही छापलं की लिहिणारा पळून जायचा आणि छापणारा तुरुंगात. एवढं जड यंत्र घेऊन तो बिचारा पळणार कुठे? म्हणून कितीतरी जण स्वतःचं नावच घालायचे नाहीत." मग यंत्रावर हलकेच थाप मारून ते हसले. "मला कुठे पळायचंय? ओळ परत घाला."

अंक निघाला. कुणी काही विचारायला आलं नाही. शेवटच्या पानावर अंकलचं नाव पत्त्यासकट ठळक छापलेलं होतं.

तो बिननावाचा लेख माझा होता.