कोल्ह्याच्या पबात हळदीकुंकू

शोभना पेडणेकरला नवऱ्याच्या पगाराचा तिटकारा कधीच नव्हता. तिटकारा होता तो पगार जिथून येई त्या जागेचा. बर दुबईतल्या एका जुन्या हॉटेलच्या तळमजल्यावर 'द फॉक्स अँड बकेट' नावाचा इंग्लिश पब होता आणि सूर्यकांत त्याचा मॅनेजर होता. कोल्हा आणि बादली! शिकल्यासवरल्या माणसांनी दुकानाला असलं नाव द्यावं आणि त्याच नावाचा शर्ट घालून मिरवावं, यातच तिच्या मते त्या गोऱ्यांची सगळी अक्कल दिसून येत होती.

पेडणेकर राहायचे शारजाला, अल मजाजमध्ये, जिथे दारूचा थेंब विकत मिळत नाही. शोभनाला ते फार सोयीचं वाटे. नवरा घरी आला की त्याचा शर्ट वेगळा धुवायचा, आणि आंघोळ केल्याशिवाय त्याने देवघराकडे फिरकायचं नाही, असा तिचा कायदा. सूर्यकांत स्वतः कधी घेत नसे. "हलवाई कुठे मिठाई खातो?" असं तो म्हणे. "हलवाई निदान मिठाई तरी विकतो," असं ती म्हणे, आणि विषय संपे.

महाराष्ट्र मंडळात तिने सांगून ठेवलं होतं, "मिस्टर हॉस्पिटॅलिटी ग्रुपमध्ये आहेत, फायनान्स साइडला." कुणी खोदून विचारलं नाही. पबवाल्याला शनिवार-रविवार सुट्टी कसली, त्यामुळे मंडळातल्या एकाही बाईने सूर्यकांतला कधी पाहिलंच नव्हतं. शोभनाला दोष तरी कसा द्यायचा? एका बाईचा नवरा दारूच्या दुकानात सेल्समन आहे असं कळल्यावर मंडळाच्या अध्यक्षा सुजाता कारखानीस यांनी तिचे मोदक नैवेद्याच्या ताटातून गुपचूप बाजूला काढले होते. मोदकांचा काय गुन्हा होता, देव जाणे.

इकडे पबाच्या धंद्याची रया पार गेली होती. जुने गोरे रिटायर होऊन आपापल्या गावी गेले. नवे आले ते पहाटे उठून समुद्रकाठी धावणारे आणि बारमध्ये येऊन बिनदारूची बिअर मागणारे. खुद्द विलायतेतही गावोगावच्या पबांना कुलपं लागताहेत, असं सूर्यकांत सांगे. इथला लाकडी काउंटर अशाच एका मेलेल्या पबातून उचकटून आणला होता आणि मालक त्याला 'हेरिटेज' म्हणून मिरवत होते. मढ्याच्या अंगावरचा कोट काढून स्वतः घालायचा आणि वर त्याच्या शिलाईचं कौतुक करायचं, त्यातला हा प्रकार. तरी गिऱ्हाईक येईना. मग क्विझ झाले, कराओके झाले, बटर चिकन भरलेली विलायती 'पाय' पेस्ट्री झाली. शेवटी दुपारी रिकामा पडलेला पब बारशांना, डोहाळजेवणांना आणि किटी पार्ट्यांना द्यायची पाळी आली.

आणि एका सकाळी मंडळाच्या ग्रुपवर सुजाताचा मेसेज आला. "लेडीज! संक्रांतीचं हळदीकुंकू धिस इयर हटके! इन अ ब्रिटिश पब! एकदम ऑथेंटिक. पर लेडी ओन्ली पंचाऐंशी दिरहम, म्हणजे साधारण दोन हजार रुपये. ड्रिंक्स नॉन-अल्कोहोलिक ऑफ कोर्स." खाली पबाचा फोटो होता. बादलीत तोंड घातलेला तो कोल्हा शोभनाने लगेच ओळखला.

"त्या दिवशी रजा टाका," संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली.

"रजा? वेडी आहेस का?" सूर्यकांत म्हणाला. "एरिया मॅनेजरने सांगितलंय, दुपारचे इव्हेंट्स भरले नाहीत तर पब खलास. पॅडल टेनिस खेळणाऱ्यांचा कॅफे काढणार आहेत तिथे. त्यात माझ्या वयाचा माणूस ठेवतील का? माझा व्हिसाही खलास. तुमच्या सुजाता मॅडम आमच्या सेल्सच्या मुलीला म्हणाल्यात, ही पार्टी चांगली झाली तर पाडवाही इथेच करू. मला तो पाडवा हवाय, शोभना."

"मग मी नाही जात."

"आई, चिल. इट्स जस्ट अ जॉब," सोफ्यावरून अस्मी म्हणाली. "जस्ट टेल देम." लेकीला सगळं सोपं वाटत होतं, तिला मंडळात दिवस काढायचे नव्हते.

पण न जाणंही परवडणारं नव्हतं, कारण तिळाच्या वड्या शोभनाकडे होत्या. शेवटी ती म्हणाली, "मी येईन. पण तुम्ही ओळख दाखवू नका."

"नाही दाखवणार," तो म्हणाला. "हिंदीतच बोलेन."

रविवारी दुपारी काळ्या साड्यांचा ताफा पबात शिरला. आल्या आल्या बायकांनी बिअरच्या नळांना मिठ्या मारून फोटो काढून घेतले. ज्यांच्या घरी चहासुद्धा पाहुण्याची जात बघून उकळतो, त्या रिकामे मग उंचावून 'चिअर्स' करत होत्या. हलव्याचे दागिने घातलेली एक तर काउंटरवर चढून बसली. पब तर कधीचाच पब राहिला नव्हता; आता त्याचा देखावा मांडला होता, आणि या बाया त्या देखाव्याला भाळल्या होत्या.

वेटर कमी केलेले, म्हणून सूर्यकांत स्वतःच जाकीट घालून पन्ह्याचे ग्लास फिरवत होता. "भैया, एसी कम करो." "भैया, ये टेबल पोछो." तो "जी मॅडम" म्हणत होता आणि पुसत होता. आणि हा भैया आहे म्हटल्यावर बायकांच्या मराठीला बांधच राहिला नाही.

"पर्स जवळ ठेवा ग," सुजाता म्हणाली. "बारवाल्यांचा काय भरवसा?"

"या वयात ट्रे उचलतोय," दुसरी म्हणाली. "बायकोला लाज वाटत नसेल?"

"बायको कशाला इथे असेल? गावी बसली असेल मनीऑर्डरची वाट बघत!"

सगळ्या हसल्या. शोभनाही हसली. न हसती तर दिसलं असतं, असं तिने नंतर स्वतःला समजावलं. त्या वेळी सूर्यकांत तिच्याच पुढ्यात ग्लास ठेवत होता. त्याने ग्लास ठेवला, खाली कागदी रुमाल सरळ केला आणि पुढे गेला.

मग उखाण्यांची फेरी सुरू झाली. शोभनाने घरून पाठ करून आणलेला उखाणा घेतला:

"काळ्या साडीला शोभतात हलव्याचे दागिने,
सूर्यकांतरावांचं नाव घेते मोठ्या अभिमानाने."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात, दोन तासांत पहिल्यांदाच, सुजाताचं लक्ष समोर उभ्या माणसाच्या बॅजकडे गेलं. हॉटेलचा नियम म्हणून तो बॅज त्याला काढता आला नव्हता.

"अय्या, भैया का नाम भी सूर्यकांत! शोभना, जपून ग, अंधारात चुकीचा नवरा नेशील घरी!"

पुन्हा हशा पिकला. सूर्यकांत हसल्यासारखं करून म्हणाला, "कॉमन नेम है मॅडम." दिलेला शब्द तो अजून पाळत होता.

शोभनाला ते 'कॉमन' ऐकवेना. तिला स्वतःची इतकी किळस आली की हातातली तिळाची वडी तिने परत ताटात ठेवली.

"कॉमन नाही," ती उभी राहून म्हणाली. "हे माझे मिस्टर. फायनान्सला नाहीत, इथेच आहेत, पहिल्यापासून. आणि तुमचं मघापासूनचं सगळं मराठी त्यांना कळतंय."

कुणी पर्स उघडली, कुणी मोबाइल काढला. सुजाताला मात्र काहीतरी बोलायलाच हवं होतं. "अग, आधी नाही का सांगायचं! डिस्काउंट तरी मिळाला असता!"

कोणी हसलं नाही. सूर्यकांतने ट्रे काखेत घेतला आणि अगदी साध्या, मालवणी हेल असलेल्या मराठीत विचारलं, "वहिनी, चहा आणू का?"

वहिनींना चहा नको होता. एकीला अचानक मुलाचा क्लास आठवला, एकीला पार्किंग. वाणाचे डबे घ्यायला मात्र एकही बाई विसरली नाही. दारात सुजाता सेल्सच्या मुलीला म्हणाली, "पाडव्याचं वी विल सी, हं," आणि तिने आवाज खाली आणायची तसदीही घेतली नाही.

पब रिकामा झाला. शोभना एकटीच मागे राहिली. सूर्यकांत टेबलांवरचा हलवा गोळा करत होता.

"पाडवा गेला का माझ्यामुळे?" तिने विचारलं.

"गेला."

"तुम्ही एवढं सगळं गप्प कसं ऐकून घेतलंत हो?"

"त्यात नवीन काय होतं? घरी ऐकतोच की रोज." तो पुढच्या टेबलाकडे वळला. "तू हसलीस, तेवढं लागलं."