धुक्यातल्या तीन लगोऱ्या

काळाभोर कडा, त्याचे भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक थर, आणि थराथरातून झिरपणारं पांढरं पाणी... राजूर मागं पडल्यावर जीपच्या काचेतून दिसलेलं ते दृश्य डोळे मिटले की अजून समोर उभं राहतं. भाद्रपद सरत आला होता. पेट्रोलचा, ओल्या मातीचा आणि दादांच्या खिशातल्या सुपारीचा मिळून एकच वास जीपभर कोंदला होता. दादा म्हणजे माझे वडील, संगमनेरला शाळेत मास्तर. ओळखीच्या माणसाची जीप त्यांनी दिवसापुरती मागून आणली होती. कड्याच्या टोकावर उभं राहून खाली पसरलेलं कोकण त्यांना एकदा डोळे भरून बघायचं होतं. मी नऊ वर्षांची. हट्ट करून मागं लागलेली.

पायथ्याच्या वाडीतून वाट दाखवायला हौसाबाई आल्या. साठीच्या, अनवाणी. मी धापा टाकायला लागले तशा म्हणाल्या, "मास्तर, हिला उसाच्या रसावर वाढवली का काय? पाय लई मऊ हायेत."

वर पोचलो तर पठार म्हणजे थिजलेल्या लाव्हारसाचं विस्तीर्ण अंगणच. सपाट कातळ, खळग्यांत साचलेलं आभाळ आणि नजर पोचेल तिथवर सोनकीची पिवळी फुलं. वाटेत ठिकठिकाणी दगडावर दगड रचलेले. हौसाबाई प्रत्येकापाशी थांबायच्या, एक दगड वर ठेवायच्या आणि पुढं निघायच्या. मला बाई ती लगोरीच वाटली.

एका कपारीत बसून भाकरी-ठेचा खाल्ला. माझ्या टाचा सोलवटल्या होत्या, म्हणून आम्ही दोघी तिथंच थांबलो आणि दादा एकटे टोकाकडं गेले. "खुणा बघत जावा," एवढं सांगून हौसाबाई पदर डोक्याखाली घेऊन आडव्या झाल्या. मला करमेना. हाकेच्या अंतरावर वाट वळत होती. तिथं जाऊन चपटे दगड वेचले आणि मोठ्या ऐटीत तीन लगोऱ्या रचल्या — एकापुढं एक, जिकडं फुलं दाट होती तिकडं.

मी कपारीत परतले आणि धुकं आलं. कड्याखालून चढत आलं, आणि बघता बघता समोरचं पठार पुसून गेलं. हौसाबाईंनी हाक दिली. ती कड्यावर आपटून चहूबाजूंनी परत आली. दादांची 'ओ'सुद्धा तशीच. कुठून येते कळेना.

"भिऊ नको," त्या म्हणाल्या. "दगुड बघत येतील. दगुड म्हंजे वाट. आमची गुराखी पोरं त्याच्यावरच घरला येत्यात."

मी वळणाकडं बघितलं, तिथं नुसतं पांढरं होतं. सांगावं तर जीभ उचलेना.

"मी पण रचलेत," मी म्हणाले.

"कुठं?"

"वळणावर. फुलांकडं."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि धुक्यात शिरता शिरता ओरडल्या, "मास्तर, हाय तिथंच बसा. पाऊल उचलू नका." पहिली लगोरी पायाला लागली, मग दुसरी... तिसरीपाशी दादा उकिडवे बसले होते, चष्मा पुसत.

"पुढची खूण सापडेना, म्हणून थांबलो," ते म्हणाले.

हौसाबाईंनी एक दगड उचलून पुढं टाकला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

"तुझ्या हातानं लावलं, तुझ्याच हातानं मोड," त्या मला म्हणाल्या. दादांच्या देखत मी तिन्ही लगोऱ्या मोडल्या.

घरी आईनं उशीर का झाला विचारलं, तेव्हा दादा म्हणाले, "धुकं होतं. मीच वाट चुकलो." पुढं पाहुण्यांत, लग्नकार्यांत त्यांनी ही गोष्ट तशीच सांगितली, हसत हसत, स्वतःला वेंधळा ठरवून — आणि दर वेळी मी कपबश्या उचलायच्या निमित्तानं आत निघून गेले.

हल्ली नातवंडं तिकडं जातात, दगड रचून मोबाईलवर फोटो पाठवतात. मी लगेच फोन करते, आधी ते मोडा म्हणते. "का गं आजी?" विचारतात. "धुकं येतं तिकडं," एवढंच सांगते.

दादांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते चुकले नव्हते, मी चुकले होते... एवढं वाक्य पाहुण्यांसमोर, ते बसलेले असताना, एकदा बोलायचं राहून गेलं.