मेथीच्या टेम्पोतून दवाखान्यात

इरा आणि अर्णव, आज सकाळी शेजारच्या घरातून बाळाच्या धुरीचा, ओव्याचा आणि बाळंतशेपांचा वास आला. म्हणून इरा, तुझ्या जन्माची सकाळ आजच लिहून टाकते.

तुमची आई पहिल्या बाळंतपणासाठी नाशिकला माझ्याकडे आली होती. कळा सुरू झाल्या तशी मी घड्याळ बघून प्रत्येक कळेची वेळ वहीत लिहू लागले. पहिलटकरणीला बारा तास तरी लागतात, असं मी पुस्तकात वाचलं होतं. "अजून पुष्कळ वेळ आहे, आधी पोहे खा," मी तिला सांगितलं.

तेवढ्यात मखमलाबादच्या हिराबाई भाजी घेऊन दारात आल्या. आत डोकावून म्हणाल्या, "ताई, घड्याळात काय बघता? पोरीच्या तोंडाकडं बघा. आता लय वेळ नाय." लगेच त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि टेम्पोतल्या मेथीच्या जुड्या सरकवून जागा केली.

बाळ वाटेतच आलं तर, या भीतीने मी सारखी "अजून किती लांब?" असं विचारत होते. तुमची आई मात्र ओल्या मेथीला टेकून, दोन कळांच्या मध्ये चक्क हसत होती. "आई, ही कळ लिहिलीस का?"

दवाखान्यात पोचलो आणि वीस मिनिटांत तुझं रडणं ऐकू आलं. तेव्हा मला माझ्या चुकीची लाज वाटली होती. आता वाटतं, वही घरी राहिली म्हणूनच लेकीचं ते हसणं मी डोळे भरून पाहिलं.

टेम्पो केव्हाच विकला गेला. हिराबाई अजून येतात, आणि भाजी तोलण्याआधी तुझ्याबद्दल विचारतात, "आपली पोर कशी हाय?"